फुटाला एक सूत

आठवी ‘ब’च्या फळ्यावर मी ‘चढ’ असा दोन अक्षरी शब्द लिहिला आणि वर्गाला विचारलं, “सांगा पाहू, याचा अर्थ काय?”

इथेच चुकलं. गणिताच्या मास्तराने शब्दाचा अर्थ विचारू नये. व्याख्या सांगावी, तिच्याखाली दोन रेघा ओढाव्यात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळावं. अर्थ विचारला की मुलं सांगायला लागतात.

“ताप चढतो, सर.”

“पारा चढतो. आईचा.”

“कांद्याचे भाव चढतात.”

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,” मराठीच्या बाईंच्या लाडक्या विद्यार्थिनीने उभं राहून सांगितलं. वर्ग जरा गंभीर झाला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून, निव्वळ माहिती पुरवण्याच्या सुरात आवाज आला, “सर, आमच्या काकांना चढते.”

अशा वेळी अनुभवी शिक्षक ‘खाली बस’ म्हणतो. मला बावीस वर्षांचा अनुभव आहे. तरी मी विचारलं, “किती घेतल्यावर?”

“एका क्वार्टरमध्ये.”

“ह्यॅ! आमच्या मामांना दोन लागतात,” शेजारचा अभिमानाने म्हणाला.

मग पहिल्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षातून तीनदा बोलते, वहीतून मान वर न काढता म्हणाली, “म्हणजे काकांचा चढ मामांच्या दुप्पट.”

मी खडू खाली ठेवला. आडव्या दिशेने एक एकक सरकलं की उभ्या दिशेत किती फरक पडतो, याचं नाव चढ. हे एवढं वाक्य दहावीच्या मुलांच्या डोक्यात उतरवता उतरवता माझे केस गेले, आणि इथे चार मिनिटांत, बिनखडूचं, एका काकांच्या आणि एका मामांच्या जिवावर काम झालं होतं. मी भारावून फळ्यावर दोन रेषा काढल्या, आडव्या अक्षावर ‘क्वार्टर’ असं लिहिलं, आणि वळून पाहतो तर दारात मोठ्या बाई.

ऑफिसात त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमच्याकडे ही वाईट खूण मानली जाते.

“वर्गात कसली चर्चा चालली होती, सर?”

“चढाची, बाई. म्हणजे उभ्या बदलाला आडव्या बदलाने भागायचं.”

“आडवं होण्यापर्यंत विषय नेऊ नका,” बाई म्हणाल्या.

खरं म्हणजे आठवीला चढ नाहीच. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात ‘रेषेचा चढ’ येतो तो दहावीत, गणित भाग २ मध्ये, निर्देशक भूमिती या पाचव्या प्रकरणात. पण दहावीत तो फार घाईने येतो. मुलं त्याचं सूत्र रामरक्षेसारखं म्हणतात: वाय टू वजा वाय वन, छेदात एक्स टू वजा एक्स वन. म्हणण्यात एक अक्षर चुकत नाही. अर्थ विचारला तर रामरक्षेचाही कोणी सांगत नाही, मग सूत्राचा कोण सांगणार? एकदा मी चाचणीत (२, ३) आणि (२, ७) हे बिंदू दिले आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ विचारला. वर चार, छेदात शून्य. एकाने उत्तर लिहिलं ० आणि खाली दुहेरी रेघ मारली. दुसऱ्याने लिहिलं ४, कारण शून्याने भागलं म्हणजे भागलंच नाही, तेव्हा जे होतं ते आहे तसं शिल्लक राहणार. घरच्या व्यवहारात हे बरोबरच आहे. तिसऱ्याने लिहिलं, ‘चढ ठरवता येत नाही.’ मी आनंदाने पूर्ण गुण द्यायला पेन टेकवलं, तर पुढच्या ओळीत होतं, ‘कारण वेळ संपला.’

तेव्हा ठरवलं की हे प्रकरण आठवीतच, समचलनाच्या निमित्ताने, हळूच आत सोडायचं. एका वहीची किंमत वीस रुपये, दोनची चाळीस, तीनची साठ. आलेख काढला की वीस हाच त्या रेषेचा चढ. फक्त तिथे त्याला चलनाचा स्थिरांक म्हणतात, त्यामुळे ओळखणारे ओळखत नाहीत.

शिवाय आमची शाळा कर्जतला. चढ शिकवायला महाराष्ट्रात याहून चांगलं गाव नाही. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी इथे थांबते, मागे बँकर इंजिनं लागतात, तेवढ्या वेळात प्रवासी वडे खातात, आणि मग पुढून ओढत, मागून ढकलत ती गाडी बोरघाट चढायला लागते. १८६३ पासून हा घाट चालू आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं कोणी ना कोणी रेल्वेत आहे आणि उरलेल्या निम्म्यांचं वड्यात.

“या घाटाचा चढ किती असेल?” मी विचारलं.

अंदाज आले. निम्मा. पाऊण. एकाने तळहात जवळजवळ उभा धरून दाखवला.

“सदतीसला एक,” मी म्हणालो. “सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. बस.”

वर्गाचा विरस झाला. गावाची अब्रू गेल्यासारखी मुलं माझ्याकडे बघत होती. एवढ्याशासाठी मागे इंजिनं? मग मी टेबलावर मीटरपट्टी ठेवली, तिच्या एका टोकाखाली दोन खोडरबर एकावर एक रचले, जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर उंचीचे, आणि वरच्या टोकाला एक गोटी ठेवून बोट काढून घेतलं. गोटी क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली. मग निघाली. पट्टीवरून टेबलावर, टेबलावरून जमिनीवर, आणि पहिल्या बाकाखालून थेट काकांच्या पुतण्याच्या पायाशी. कोणी काही बोललं नाही. दोन खोडरबरांवर गोटी थांबत नाही, तर लोखंडी रुळावर लोखंडी चाकांची गाडी कशी थांबेल, हे प्रत्येकाने आपापल्या मनात बघितलं असावं. निदान मला तरी तसं वाटलं. नंतर कळलं की गोटी कोणाची, यावर वाद होता.

यानंतर मी कोकण रेल्वेचं उदाहरण घेतलं. ती बांधताना जास्तीत जास्त चढ दीडशेला एक एवढाच ठेवला. त्यासाठी डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल घातले. “आता सांगा, कुठला चढ तीव्र? सदतीसला एक की दीडशेला एक?”

“दीडशे!” पूर्ण वर्ग. मी जिच्यावर भिस्त ठेवून होतो ती वर्षातून तीनदा बोलणारी मुलगीसुद्धा.

हा छेदाचा रोग जुना आहे. पाचवीत अपूर्णांकांपासून लागतो आणि गृहकर्ज घेईपर्यंत सुटत नाही. त्यावर औषध एकच. “एक वडा सदतीस जणांत वाटला आणि एक वडा दीडशे जणांत वाटला. कोणाच्या वाट्याला जास्त?”

“सदतीसवाल्यांच्या!”

“आणि नेरळहून माथेरानला जाणारी गाडी? तिचा चढ काही ठिकाणी वीसला एक आहे.”

एवढीशी ती गाडी, १९०७ पासून धावणारी, मुलांच्या लेखी ती खेळण्यातली. तिचा चढ बोरघाटापेक्षा जवळजवळ दुप्पट, हे पचवायला वर्गाला वेळ लागला. “मग ती एवढी वळणं का घेते?” मी विचारलं. “फोटोसाठी,” असं उत्तर आलं. त्या मुलाचं चुकलं नाही, तो रविवारी तिथे पर्यटकच बघतो. डोंगराची उंची कमी करता येत नाही, म्हणून रस्त्याची लांबी वाढवायची, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोच एक जण म्हणाला, “सर, आम्ही पायवाटेने वर जातो. लवकर पोचतो पण पोटऱ्या भरून येतात.” छेद लहान केला की पोटऱ्या भरून येतात. एवढं नेमकं मला सुचलं नसतं.

इथपर्यंत सगळं धन होतं. मग ज्याचे वडील रेल्वेत आहेत त्याने हात वर केला.

“सर, बाबा म्हणतात, घाट चढते ती डाउन गाडी आणि उतरते ती अप.”

“काय?”

“पुण्याला जाते ती डाउन. मुंबईला जाते ती अप.”

हे खरं आहे. रेल्वेच्या भाषेत मुंबईपासून दूर जाणारी गाडी डाउन आणि मुंबईकडे येणारी अप. उंचीचा त्यात संबंध नाही. पण हे चढ शिकवण्याच्या तासाला आठवण करून द्यायची गोष्ट आहे का?

“म्हणजे मुंबई सगळ्यांत वर?” काकांचा पुतण्या.

“रेल्वेच्या लेखी, हो.”

“पण समुद्र तर तिथेच आहे ना, सर?”

मी घड्याळाकडे पाहिलं. अजून वीस मिनिटं होती.

“मग बोरघाटाचा चढ धन धरायचा की ऋण?” रेल्वेवाल्याने मुळावरच घाव घातला. “मुंबईहून येणाऱ्याला चढ, पुण्याहून जाणाऱ्याला उतार. घाट तर एकच आहे.”

प्रश्न इतका चांगला होता की मला राग आला. पण उत्तर होतं. गणितात आलेख डावीकडून उजवीकडे वाचतात. मी फळ्यावर नकाशा काढला. पश्चिम डावीकडे, म्हणून मुंबई डावीकडे. पूर्व उजवीकडे, म्हणून पुणे उजवीकडे. डावीकडून उजवीकडे जाताना वर जातो, सबब चढ धन. तुम्ही पुण्याहून मुंबईला उतरत या, घाटाचा चढ धनच राहतो, कारण उंचीतला फरकही उणे येतो आणि अंतरातलाही, आणि उण्याने उण्याला भागलं की अधिक. वजाबाकी कुठूनही सुरू करा. अट एकच, वर पुण्याहून सुरू केली असेल तर खालीही पुण्याहूनच करा. वर पुणे वजा मुंबई आणि खाली मुंबई वजा पुणे असं केलंत की घाट उलटा होतो आणि लोणावळा समुद्राखाली जातं. मुलांनी लोणावळा समुद्राखाली गेल्याचं चित्र वहीत काढलं. काहींनी चिक्कीचं दुकानही दाखवलं.

पुण्यात सदाशिव पेठेत माझे एक मामेभाऊ राहतात. त्यांना मी फोनवर सांगितलं की गणिताच्या दृष्टीने मुंबईहून पुण्याकडे जाणं म्हणजे चढणं, हे आज वर्गात सिद्ध झालं. ते म्हणाले, “याला गणित कशाला लागतं?”

ऋण चढ हवा तर पुण्याच्याही पलीकडे बघावं लागतं. सह्याद्री पश्चिमेला भिंतीसारखा कोसळतो आणि पूर्वेला उगीच सावकाश उतरत जातो, दुपारच्या जेवणानंतर चालल्यासारखा. आमची कृष्णा महाबळेश्वरला, सुमारे १,३३७ मीटर उंचीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सुमारे ६४ किलोमीटर. सरळ पश्चिमेला वळली असती तर सरासरी अठ्ठेचाळीसला एक असा, जवळजवळ बोरघाटाच्या तोडीचा उतार मिळाला असता आणि सकाळी निघून दुपारी घरी. ती गेली पूर्वेला, सुमारे १,४०० किलोमीटर, बंगालच्या उपसागरापर्यंत. हजाराला एक उतार, तोही ओढून-ताणून. वर्गात हे सांगितलं तर एक जण म्हणाला, “तिने आधी चढ काढून बघायला पाहिजे होता.” भूगोलाच्या सरांना हे आवडलं नाही.

मग टक्के आले. सदतीसला एक म्हणजे २.७ टक्के. “एवढेच?” वर्गाला पुन्हा वाईट वाटलं, घाट काठावरसुद्धा पास नव्हता. शंभर टक्के चढ म्हणजे उभी भिंत, असं सगळ्यांचं ठाम मत. शंभर टक्के म्हणजे जितकं पुढे तितकंच वर, म्हणजे फक्त ४५ अंश, हे मी काटकोन त्रिकोण काढून दाखवलं तेव्हा कुठे माझ्यावर अर्धवट विश्वास बसला. त्यांना बरं वाटावं म्हणून न्यूझीलंडमधल्या डनेडिन गावातल्या बाल्डविन स्ट्रीटची गोष्ट सांगितली. जगातला सर्वांत तीव्र चढाचा रस्ता, ३४.८ टक्के.

“दोन दशांशांनी नापास!”

मला हे बावीस वर्षांत सुचलं नव्हतं. शिवाय पुढची हकिकत त्यांच्या आणखी ओळखीची निघाली. २०१९ मध्ये वेल्समधल्या हार्लेक गावातल्या एका रस्त्याने ३७.४५ टक्के मिळवून पहिला नंबर काढला. डनेडिनच्या लोकांनी हरकत घेतली की वळणावर आतल्या कडेने मोजू नका, रस्त्याच्या मध्यातून मोजा. २०२० मध्ये तसं मोजलं तर वेल्सचा रस्ता २८.६ वर आला आणि नंबर परत डनेडिनला गेला. “पुनर्मूल्यांकनात गुण कमी पण होतात, सर?” एकाने धास्तावून विचारलं. मी म्हणालो, होतात.

चढाला आलेखाच्या समीकरणात ‘एम’ हे अक्षर का, असंही त्या आठवड्यात कोणीतरी विचारलं. याचं खरं उत्तर गणिताच्या इतिहासकारांनाही सापडलेलं नाही. फ्रेंच भाषेत चढण्याला ‘मोंते’ म्हणतात, त्यावरून आलं असं पुष्कळ जण ठोकून देतात. पण निर्देशक भूमितीचा पाया घालणारा रने देकार्त स्वतः फ्रेंच असून त्याने ‘एम’ वापरलं नव्हतं. मुलांनी आपसांत ठरवलं की ‘एम’ म्हणजे माथेरान. मी ते खोडलं नाही.

प्रकल्प म्हणून प्रत्येकाला पाच चढ मोजून आणायला सांगितले. आजीच्या घराचं कौलारू छप्पर, बागेतली घसरगुंडी, जिना, अंगणातला उतार. कोकणातल्या पावसात छप्पर उभट का आणि देशावरची धाब्याची घरं सपाट का, हे मुलांनी माझ्याआधी लिहून आणलं. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर तिघांच्या एका गटाने शाळेच्या दारातला रॅम्प मोजला.

व्हीलचेअरसाठी हा रॅम्प नुकताच बांधून झाला होता. फीत कापली गेली होती. नियम असा की अशा रॅम्पचा चढ बाराला एक यापेक्षा जास्त नको. बाराला एक हाही काही कमी नाही. उटीला जाणाऱ्या निलगिरीच्या गाडीला एवढ्या चढावर दातेरी रूळ लागतो. आमच्या तिघांनी टेप, ओळंबा आणि गवंड्याची पाण्याची नळी घेऊन दीड तास खपून मोजलं: उंची ४५ सेंटिमीटर, आडवी लांबी सव्वादोन मीटर. चढ पाचाला एक. आणि हे त्यांनी प्रदर्शनात, पाहुण्यांसमोर, मोठ्या अक्षरांच्या तक्त्यावर लिहिलं: ‘आपल्या शाळेचा रॅम्प माथेरानच्या गाडीपेक्षा चौपट तीव्र आहे.’ पाहुणे तेच होते, ज्यांनी फीत कापली होती.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. तक्त्याजवळ गेल्या, पुन्हा लावला, भागाकार स्वतः करून बघितला. “किती लांबी पाहिजे?” त्यांनी विचारलं. “पाच मीटर चाळीस, बाई,” वर्षातून तीनदा बोलणारी म्हणाली. ही तिची त्या वर्षातली तिसरी वेळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत रॅम्प तोडून नवा बांधला, मध्ये वळण घेऊन, बरोबर पाच मीटर चाळीस. क्वार्टरचा विषय बाईंनी त्यानंतर काढला नाही.

एवढं सगळं यश पदरात पडल्यावर माणसाला जे होतं ते मला झालं. मी घरचं बाथरूम काढलं.

जुन्या पाइपातून खालच्यांच्या छताला ओल येत होती, म्हणून तर हा सगळा घाट घातला. जुना नहाणी ट्रॅप दाराजवळ होता, तो कायमचा बुजवायचा आणि नवा खिडकीखाली काढायचा. दाराच्या भिंतीपासून खिडकीच्या भिंतीपर्यंत सात फूट. दिवाळीच्या सुट्टीत मिस्त्री आले. त्यांनी बाथरूममध्ये डोकावून एकच वाक्य उच्चारलं, “फुटाला एक सूत ढाळ देतो, सर. पाणी कुठं न्यायचं तेवढं बोट करून दाखवा.”

फुटाला एक सूत! मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. इंचाचे सूत आठ, फुटाचे इंच बारा, म्हणजे फुटाचे सूत शहाण्णव. चढ शहाण्णवला एक. बोरघाट नाही, कोकण रेल्वे नाही, बरोबर अधलामधला. तीन शब्दांत उभा बदल, आडवा बदल, एकक सगळं आलं, शिवाय चढ नाही तर ढाळ, म्हणजे दिशाही शब्दातच आली. मी त्यांच्याकडे शिष्याच्या नजरेने बघत राहिलो. आणि मग बोट दाखवायचं सोडून आलेख कागद आणायला गेलो.

आलेख सुंदर झाला. आडव्या अक्षावर ० ते ७ फूट, उभ्या अक्षावर सूत, डावीकडून उजवीकडे हळुवार उतरणारी रेषा, बाजूला चौकटीत: चढ = −१/९६. दार, खिडकी असले शब्द मी लिहिले नाहीत. निर्देशक असताना दार-खिडकी लिहायची म्हणजे माझ्या मते आलेखाचा अपमान होता. कागद सेलोटेपने भिंतीवर चिकटवला आणि दोन दिवस मतदार यादीच्या कामाला निघून गेलो. जाताना बायको म्हणाली, “बोट दाखवलंत का?” मी म्हणालो, “त्याहून चांगलं दिलंय.”

प्लंबरला तिने बोट दाखवलं. हे बंद, ते चालू. त्याने जुनं भोक सिमेंटने बुजवलं, नवं उघडलं. त्याचं काम निर्दोष झालं.

फरशी बसवणारा कधीही आतून सुरुवात करतो आणि बसवत बसवत दाराकडे मागे येतो, नाहीतर आत अडकेल. मिस्त्रींनी खिडकीच्या भिंतीपासून सुरुवात केली. कागद बघितला. शून्य म्हणजे सुरुवात. सुरुवातीपासून सात फूट, फुटाला एक सूत खाली.

तिसऱ्या दिवशी मी पहिली बादली ओतली. पाणी अतिशय शिस्तीत, एका रेषेत, कुठेही न रेंगाळता माझ्या पायांवरून दाराकडे गेलं आणि उंबऱ्याशी जाऊन उभं राहिलं. खिडकीखाली नवी जाळी कोरडी ठाक चमकत होती.

“आलेखाप्रमाणे चाललंय का?” बाहेरून बायकोने विचारलं.

मिस्त्रींना बोलावलं. ते कागदापाशी गेले, शून्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “झिरो म्हणजे सुरुवात ना, सर? सुरुवात तर आम्ही हितनं केली.” मी काय बोलणार? आरंभबिंदू कुठे, हे न सांगता आलेख दिला तर मी आठवीच्या मुलाचे दोन गुण कापतो. पट्टी घेऊन मोजलं. सात फुटांत सात सूत, एक केसभरही इकडे-तिकडे नाही. वर्गात अशा उत्तरावर मी लाल पेनाने लिहितो, ‘पद्धत बरोबर, चिन्ह चुकलं’, आणि फक्त अर्धा गुण वजा करतो. ते अर्धा गुण प्रकरण मी घरी सांगून पाहिलं. त्यावर जे उत्तर मिळालं ते इथे देण्यासारखं नाही.

फरशी पुन्हा उखडायची तर खर्च दुप्पट; जुनं भोक उघडायचं तर खालच्यांच्या छताला परत ओल. “पुढच्या दिवाळीत बघू,” असं ठरलं. त्याला तीन दिवाळ्या झाल्या. आठवी ‘ब’ची ती मुलं आता दहावी पार करून गेली. चढाच्या उदाहरणात त्या तुकडीतल्या एकाचंही चिन्ह चुकलं नाही, कारण बाथरूमची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. चुकूनही सांगायला नको होती. आता गावात कोणी फरशीचं काम काढलं की लोक मला नमस्कार करून हसतात.

तुम्ही कधी कर्जतला उतरलात तर जरूर घरी या. वडे आणून ठेवतो. बाथरूमला गेलात तर बाहेर पडताना पाय जरा जपून टाका, उंबऱ्याला लागून सात सूत पाणी असतं. वायपर दारामागे, डाव्या हाताला आहे. डाव्या म्हणजे आतून बाहेर येताना डाव्या.